ओढता हॅरो

ओढता हॅरो हे ट्रॅक्टर, एटीव्ही (रानात चालणारी छोटी चारचाकी) किंवा जनावरांच्या मागे जमिनीवरून ओढत न्यायचे दातेरी लोखंडी अवजार होय. कुरणातील शेण पसरणे, मेलेल्या गवताचा थर मोकळा करणे, फोकलेले बी मातीआड करणे आणि खडीच्या वाटेचा विसकटलेला पृष्ठभाग सारखा करणे ही त्याची मुख्य कामे आहेत. त्याच्या साध्या प्रकारांना चाके नसतात आणि खोली ठरवणारी यंत्रणाही नसते. स्वतःच्या वजनाने तो जितका रुतेल तितकेच काम करतो, आणि बहुतेक जमिनींत हे रुतणे दोन-तीन सेंटिमीटरपलीकडे जात नाही. पृष्ठभागावर आहे तोच माल, मग ते शेण असो, माती असो वा खडी, हलवून शेजारच्या सखल जागी नेऊन ठेवणे एवढेच त्याचे सामर्थ्य आहे. हे काम नीट साधेल की बिघडेल, ते मात्र अवजारापेक्षा जमिनीतील ओल अधिक ठरवते. म्हणून हॅरोविषयी जे सांगायचे त्यातले निम्मे वाफशाविषयी, म्हणजे मशागतीला योग्य अशा ओलीविषयी असते.

मराठीत हॅरोला सरसकट कुळव म्हटले जाते, पण दोहोंचे काम वेगळे आहे. कुळवाची सपाट फास मातीच्या वरच्या थराखालून कापत जाते. ओढत्या हॅरोला फास नसते, दाते असतात. त्यामुळे तो कुळवापेक्षा दाताळ्याला अधिक जवळचा आहे. नांगरलेल्या रानातील ढेकळे फोडून बी झाकण्यासाठी अशी दातेरी अवजारे फार जुन्या काळापासून वापरात आहेत. 11व्या शतकातील, फ्रान्समधल्या बायो येथील प्रसिद्ध भरतकामाच्या पट्टीवरही घोड्याने ओढलेला हॅरो दिसतो. कुरणांसाठी आज सर्वाधिक वापरला जातो तो साखळी हॅरो. जाड सळयांच्या कड्या एकमेकींत गुंतवून केलेली ही लोखंडी चटईच असते, आणि तिच्या प्रत्येक सांध्याला खाली वळलेला दाता असतो. चटई लवचीक असल्यामुळे ती जमिनीच्या उंचसखलपणाबरोबर वर-खाली होते आणि दाते सर्वत्र टेकतात. ताठ चौकटीत बसवलेल्या सरळ दातांचा हॅरो याउलट उंचवट्यावर जोराने लागतो आणि खळग्यावरून नुसता निघून जातो.

साखळी हॅरो तीन तऱ्हांनी लावता येतो, ही त्याची मोठी सोय आहे. दाते खाली आणि त्यांची टोके ओढीच्या दिशेने पुढे झुकलेली असली, की ते जमिनीत घुसून खरवडतात. चटई तशीच ठेवून तिचे मागचे टोक पुढे जोडले, तर दाते मागे झुकतात आणि काम सौम्य होते. चटई उलटी करून दाते आकाशाकडे ठेवले, की फक्त कड्यांची गुळगुळीत बाजू जमिनीवरून घासत जाते आणि शेवटचा हात फिरवल्यासारखे काम होते. मोठी चटई उलटवणे दोन माणसांचे काम आहे आणि त्यात बोटे चेमटण्याची भीती असते, म्हणून जाड हातमोजे हवेतच.

कुरणातील हॅरोचे पहिले काम शेणाशी निगडित आहे. चरणारे जनावर खाल्लेल्या चाऱ्यातील पोषकद्रव्यांचा मोठा भाग शेण-मूत्रातून जमिनीला परत देते. स्फुरद (फॉस्फरस) मुख्यतः शेणातून येतो, तर पालाश (पोटॅशियम) बव्हंशी मूत्रातून. हे परत आलेले खत मात्र सर्वत्र सारखे पडत नाही. एक गाय दिवसाकाठी शेणाचे साधारण दहा-बारा पो टाकते. प्रत्येक पोखालचे गवत गुदमरून मरते आणि त्याच्या कडेने गर्द हिरव्या, उंच गवताचे कडे उगवते. हे कडे बघायला कुरणातील सर्वांत तजेलदार गवत असते, पण गाय त्याला तोंड लावत नाही. शेणाच्या वासाने ती भोवतालची जागा टाळते, आणि टाळलेली ही जागा पोच्या कितीतरी पट मोठी असते. ते गवत मग जून होते, फुलावर येते, आणि कुरणभर खुरट्या जागा आणि उंच झुबके अशी ठिगळे दिसू लागतात. वरून सुकलेल्या पण आतून अजून ओलसर असलेल्या पोवरून दाते गेले, की त्याची खपली फुटते, आतला भाग भुगा होऊन हातभर परिसरात विखुरतो आणि खालचे पिवळे पडलेले गवत उघडे होते. तोच पो ताजा असताना हॅरो फिरवला, तर तो पसरण्याऐवजी गवतावर लेपासारखा माखतो, दात्यांना चिकटून पुढे जातो आणि चांगले गवतही जनावरांच्या दृष्टीने नासवतो.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. जनावरे पाणवठ्याजवळ आणि सावलीत अधिक वेळ थांबतात, त्यामुळे शेणही तेथेच साचते. हॅरो ते काही मीटरच पसरवतो, कुरणाच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत नेत नाही. तो असमतोल घालवायचा तर पाण्याची जागा बदलावी लागते किंवा कुरणाचे लहान भाग पाडून ते पाळीपाळीने चारावे लागतात.

शेण पसरल्याने जंत मरतात, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे माहीत नसल्याने जनावरांचे नुकसान होते. पोटातील गोल जंतांची अंडी शेणाबरोबर बाहेर पडतात, शेणातच उबतात आणि उष्ण-दमट हवेत आठवडा-दोन आठवड्यांत त्यांतून संसर्गक्षम अळ्या तयार होतात. या अवस्थेतील अळी काही खात नाही. अंगात साठवलेल्या शक्तीवर ती जगते. कडक ऊन आणि कोरडी हवा असेल, तर उघड्यावर आलेली अळी सुकते किंवा उष्णतेने साठा लवकर संपून मरते. हवा थंड आणि ओलसर असेल, तर तीच अळी कित्येक महिने तग धरते. अशा दिवसांत फिरवलेला हॅरो एका पोतील अळ्या कुरणभर वाटण्याचे काम करतो. घोड्यांच्या बाबतीत हा धोका विशेष मोठा आहे, कारण घोडे मुळात एका भागात लीद टाकतात आणि दुसऱ्या भागात चरतात. त्यांनी स्वतःहून पाळलेली ही स्वच्छता चुकीच्या वेळी फिरवलेला हॅरो एका फेरीत मोडून टाकतो. म्हणून उन्हाळी, कोरडे दिवस निवडावेत आणि त्यानंतर तो भाग काही आठवडे चराईला बंद ठेवावा. एवढी विश्रांती देण्याइतकी जागा नसेल, तर लीद फावड्याने उचलून नेणे हाच अधिक चांगला उपाय आहे.

शेणकिड्यांचाही विचार करावा लागतो. पोखाली बिळे करून शेण जमिनीत ओढून नेणारे हे भुंगेरे खत मुळांपाशी पोचवतात आणि पाणी मुरायला वाटा करून देतात. दाते खालची माती वरच्यावर खरवडतात, हे भुंगेरे मात्र बरेच खोल जातात. पो फोडून वाळवला की त्यांचे अन्न आणि घर दोन्ही जाते. ज्या कुरणात भुंगेरे भरपूर आहेत आणि पो थोड्या दिवसांत आपोआप विरतात, तेथे हॅरो न फिरवणे हेच शहाणपणाचे. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांतही तो बाजूला ठेवावा, कारण गवतातील अंडी ट्रॅक्टरवरून दिसत नाहीत.

गवताच्या बुडाशी वर्षानुवर्षे साठलेला मेलेल्या पात्यांचा आणि धावत्या खोडांचा थर पाऊस आणि प्रकाश अडवतो. पुढे झुकलेल्या दात्यांनी तो विंचरून निघतो आणि मधे मधे माती उघडी पडते. विरळ कुरणात वरून बी फोकायचे असेल, तर ही उघडी माती फार मोलाची ठरते, कारण वाळक्या गवतावर अडकलेले बी मातीला टेकत नाही आणि रुजत नाही. आधी एक फेरी खरवडण्यासाठी घालावी, मग बी फोकावे, आणि पुन्हा दाते वर करून हलकी फेरी घालावी, असा क्रम ठेवतात. तुकड्यातुकड्यांतून फुटणारी हराळीसारखी तणे जेथे असतील, तेथे हेच खरवडणे त्या तणांची लावणी करून देते, हे विसरू नये. हॅरोमुळे जमीन हवेशीर होते असेही म्हणतात. पण खुरांनी आणि चाकांनी दबलेली माती कितीतरी खोलवर घट्ट झालेली असते आणि हे दाते तेथवर पोचतच नाहीत.

वाफसा पारखण्याची साधी रीत येथेही उपयोगी पडते. वरची मूठभर माती दाबून पाहावी. गोळा होऊन बोटांचे ठसे चकाकत राहिले, तर जमीन फार ओली आहे. त्या दिवशी ट्रॅक्टरची चाके जेवढे दाबतील तेवढे नुकसान हॅरोने भरून निघणार नाही. गोळा बनून बोटाच्या टोकाने सहज फुटला, तर वेळ योग्य आहे. दगडासारख्या सुकलेल्या जमिनीत दाते नुसते घसरतात आणि आधीच ताणाखाली असलेले गवत उपटून निघते. गवत आखूड, साधारण सात ते दहा सेंटिमीटर असताना आणि ताशी पाच ते आठ किलोमीटर वेगाने काम चांगले होते.

खडीच्या वाटेवर हाच हॅरो वेगळ्या कारणाने कामी येतो. वाहनांची चाके खडी दोन्ही कडांना फेकत राहतात, चाकोऱ्या खोल होतात आणि मध्यभागी सैल दगडांची रांग साठते. दाते हा थर ढिला करतात आणि मागून येणाऱ्या कड्या तो चाकोऱ्यांत ओढून नेतात. सुरुवात कडेपासून करून माल मध्याकडे आणावा, चाल माणसाच्या चालण्याइतकी ठेवावी आणि शेवटची फेरी दाते वर करून घालावी. दिवस निवडायचा तो पावसानंतरचा, खडी ओलसर पण चिखल नसलेला. कोरड्या वाटेवर हॅरो ओढला, तर मागे धुळीचा लोट उठतो, आणि दगडांना एकमेकांशी बांधून ठेवणारी बारीक चुरी नेमकी त्या धुळीतून उडून जाते. असे वारंवार केल्यास उरतात ते सुटे, गडगडणारे दगड. तुकडे कोनदार असले तर ते एकमेकांत अडकून बसतात; गोल गोटे मात्र कितीही ओढले तरी स्थिर होत नाहीत.

खड्ड्याच्या बाबतीत हॅरोची मर्यादा उघडपणे दिसते. वाटेत वीतभर रुंद खड्डा असेल, तर हॅरो त्यात भोवतालची सैल खडी भरतो आणि वाट तासाभरात सपाट दिसू लागते. पण खड्ड्याचा घट्ट तळ तसाच राहतो. पुढच्या पावसात पाणी त्याच वाटीत साचते, चाक पडताच ते चुरीसह बाहेर उसळते आणि थोड्याच दिवसांत खड्डा त्याच जागी, त्याच आकारात उघडा होतो. तळापर्यंत उकरून, जुना व नवा माल मिसळून, ओल असतानाच रोलरने किंवा वाहनाच्या चाकांनी दाबल्याशिवाय तो बुजत नाही, आणि त्यासाठी खरवडणाऱ्या पात्याचे किंवा मोठ्या दात्यांचे अवजार लागते.

पन्हाळी पत्र्यासारख्या उठणाऱ्या आडव्या लाटांचेही तसेच आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भौतिकशास्त्रीय प्रयोगांत, सैल कणांवरून चाक एका ठरावीक वेगापेक्षा जलद गेले की अशा लाटा आपोआप उमटतात आणि त्यासाठी वाहनाला स्प्रिंगही लागत नाही, असे आढळले. हॅरो लाटांचे माथे खरवडून घळी भरतो. पण लाटेच्या तळाखालपर्यंत माल सुटा करून तो दाबला नाही आणि वाहने तशीच भरधाव राहिली, तर लाटा परततात.

खडीच्या वाटेचे आयुष्य शेवटी पाण्याच्या निचऱ्यावर अवलंबून असते. वाटेचा मध्य कडांपेक्षा उंच हवा. दर मीटरला सुमारे चार सेंटिमीटर उतार योग्य मानतात, म्हणजे तीन मीटर रुंद वाटेचा मध्य कडेपेक्षा सहा सेंटिमीटर वर राहतो. लवचीक साखळी हॅरो जमिनीचा आहे तोच आकार अनुसरत असल्याने तो हा उतार घडवू शकत नाही, आणि निष्काळजीपणे, आडवातिडवा फिरवला तर असलेलाही हळूहळू सपाट करतो. कच्च्या मातीच्या रस्त्यांसाठी हा प्रश्न अमेरिकेतील मिझुरी राज्यातील शेतकरी डी. वॉर्ड किंग यांनी 19व्या-20व्या शतकांच्या संधिकाळात फार साध्या साधनाने सोडवला. उभा चिरलेला ओंडका दोन भागांत, एकामागे एक जोडून ते साधन रस्त्याशी तिरपे ठेवायचे आणि पाऊस पडून गेल्यावर घोड्यांकडून ओढवायचे; तिरपेपणामुळे माती दर फेरीला थोडी मध्याकडे सरकते आणि उंचवटा तयार होतो. हॅरोच्या पुढे तिरपे पाते बसवलेली आजची अवजारे हेच तत्त्व वापरतात.

ओढताना साखळी नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या, ओढीसाठी नेमलेल्या दांड्यालाच जोडावी. ती उंचावर बांधलेली असताना हॅरो झाडाच्या मुळीत किंवा दगडात अडकला, तर ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलले जाऊन तो मागे उलटू शकतो. वजन वाढवण्यासाठी चटईवर जुना टायर किंवा ओंडका घट्ट बांधतात. माणसाने मात्र तिच्यावर कधीही उभे राहू नये. हॅरो मागे ढकलता येत नाही, कारण चटई गोळा होऊन चाकाखाली येते, आणि जागच्या जागी वळल्यास ती स्वतःतच गुंतते. म्हणून वळण रुंद घ्यावे, आणि वाटेच्या टोकाशी जमलेला खडीचा बांध फावड्याने पसरून टाकावा.