निखाऱ्यांवरून चालणारे आणि काठावरून पाहणारे

स्पेनच्या सोरिया प्रांतात सान पेद्रो मानरिके नावाचे एक खेडे आहे. वस्ती जेमतेम सहाशेची. पण २३ जूनच्या रात्री, संत जॉनच्या सणाच्या पूर्वसंध्येला, तिथल्या खुल्या प्रेक्षागारात सुमारे तीन हजार माणसे दाटीवाटीने बसतात. ओकची लाकडे जाळून तयार केलेले निखारे लांब काठ्यांनी सारखे केले जातात आणि मध्यरात्रीच्या सुमारास गावकरी एकेक करून, बहुधा पाठीवर बायकोला, मुलाला किंवा मित्राला घेऊन, तो सुमारे सात मीटरचा पट्टा अनवाणी पार करतात. निखाऱ्यांच्या पृष्ठभागाचे तापमान ६७७ अंश सेल्सिअस इतके मोजले गेले आहे.

पाय का भाजत नाहीत, हे कोडे तसे जुने आणि बरेचसे सुटलेले आहे. कोळसा आणि त्यावरची राख उष्णतेचे मंद वाहक असतात आणि पाऊल एका जागी क्षणभरच टेकते, त्यामुळे तळव्यात शिरणारी उष्णता मर्यादित राहते. गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत होमकुंडातून जाणाऱ्या धोंडांनाही, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांनाही, हेच भौतिकशास्त्र लागू पडते. धर्माच्या अभ्यासकांना खरे कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे: अशा रात्री जमलेल्या माणसांमध्ये नेमके काय घडते?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १९१२ साली या प्रश्नाला एक उत्तर दिले होते. मध्य ऑस्ट्रेलियातील अरुंटा लोकांच्या विधींची इतरांनी लिहिलेली वर्णने वाचून (स्वतः ते तिथे कधीच गेले नव्हते) त्यांनी मांडले, की विखुरलेली माणसे विधीसाठी एकत्र आली की एक सामूहिक उधाण येते, माणूस स्वतःपेक्षा मोठ्या शक्तीच्या ताब्यात गेल्यासारखा वागतो, आणि या अनुभवातूनच समाजाला आपण एक असल्याची जाणीव होते. कल्पना विलक्षण होती, पण ती मोजायची कशी, हे त्या काळी कुणालाच सांगता आले नसते.

ते मोजण्याचा प्रयत्न दिमित्रिस झायगालातास, इवाना कोन्वालिंका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गावात केला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निखाऱ्यांवरून चालणारे १२ जण, त्यांचे नातलग किंवा मित्र असलेले ९ प्रेक्षक आणि कुणाशीही संबंध नसलेले १७ पाहुणे, अशा ३८ जणांच्या छातीला हृदयगती नोंदवणारे पट्टे बांधण्यात आले आणि सुमारे अर्ध्या तासाच्या विधीतील नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या. चालणाऱ्यांच्या आणि त्यांच्या आप्तांच्या हृदयगतीतील चढउतार एकमेकांशी जुळत होते; पाहुण्यांचे मात्र जुळत नव्हते. ठोके एकाच क्षणी पडत होते, असा याचा अर्थ नव्हे. गती वाढण्याउतरण्याच्या आलेखांचे स्वरूप सारखे होते.

या निष्कर्षाचे महत्त्व दोन गोष्टींत आहे. एकत्र गाणाऱ्या किंवा नाचणाऱ्या माणसांचे श्वास आणि हालचाली एका लयीत येतात, त्यामुळे त्यांची हृदयगती जुळली तर त्यात फारसे नवल नाही. इथे मात्र एक जण निखाऱ्यांवर होता आणि दुसरा दगडी पायरीवर स्वस्थ बसून होता. शिवाय पाहुण्यांनीही तीच आग पाहिली आणि तोच गलका ऐकला, तरी ते कोरडेच राहिले. म्हणजे उधाण येते, पण ते जमलेल्या सगळ्यांना सारखेच कवेत घेत नाही. ते आधीच्या नात्यांच्या वाटेने पसरते. द्युर्केम यांच्या मांडणीला ही दुरुस्ती मला पुष्टीइतकीच मोलाची वाटते. अर्थात, गाव एक, रात्र एक आणि माणसे ३८ हेही विसरून चालणार नाही, आणि पट्टा हृदयाची गती सांगतो, ती भीतीने वाढली की आनंदाने, हे सांगत नाही.

मुलाखतींवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. हृदयगती अतिशय वाढलेली असतानाही चालणाऱ्यांनी आपण शांत होतो, असेच सांगितले.

पुढे झायगालातास यांनी मॉरिशसमधील तमिळ भाविकांच्या थैपुसम उत्सवाकडे मोर्चा वळवला. तिथे काही जण केवळ प्रार्थना करतात, तर काही जण अंगात सुया आणि आकडे टोचून घेत जड कावडी खांद्यावर वाहतात. प्रत्येकाला अभ्यासातील सहभागाबद्दल २०० मॉरिशियन रुपये देण्यात आले आणि त्यातील हवी ती रक्कम मंदिराला गुप्तपणे दान करण्याची मुभा ठेवण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रार्थना करणाऱ्यांचे सरासरी दान सुमारे ८१ रुपये, तर वेदना सोसणाऱ्यांचे सुमारे १३३ रुपये निघाले. कावडीवाल्यांसोबत चालणाऱ्या, स्वतः काहीही टोचून न घेतलेल्या मंडळींनीही सढळ हाताने दान दिले.

हे सगळे वाचताना पंढरीच्या वारीची आठवण होते, आणि ती केवळ आपली हौस नाही. मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी यात्रेत दर्जा आणि भेद सैल होऊन माणसे समान पातळीवर येतात, असा सिद्धांत मांडताना इरावती कर्वे यांच्या वारीवरील लेखाची दखल घेतली होती. कर्वे स्वतः पालखीसोबत पायी चालल्या होत्या. मात्र एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा अशा दोन वेगळ्या पंगती बसतात, याची खंत आपल्याला रोज वाटत असे, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले आहे. मराठा बायकांबरोबर त्या जेवल्या, तेव्हा त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने वागू लागल्या, अशीही नोंद त्यांनी केली आहे.