गोधडी आणि शॉडीचं ब्लँकेट : जुन्या कपड्यांच्या दोन वेगळ्या वाटा

दोन्ही पांघरुणंच, दोन्ही जुन्या कपड्यांची. हल्ली दोन्हींना ‘रिसायकल्ड’ अशी चिठ्ठी लावलेली दिसते आणि गिऱ्हाईकही पर्यावरणाचं थोडं पुण्य पदरात पडलं म्हणून दोन पैसे जास्त मोजतं. पण जुन्या कपड्याचं आत काय झालं हे पाहिलं, तर गोधडी आणि पानिपतचं शॉडी ब्लँकेट यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. गोधडीत कापड कापडच राहतं. शॉडीत ते मोडतात, त्याचे तंतू सुटे करतात आणि त्या तंतूंचं पुन्हा सूत काढतात. पहिला पुनर्वापर, दुसरं पुनर्चक्रीकरण. कपाट आवरताना कुठला कपडा कुठे द्यायचा, हे बरंचसं या फरकावर ठरतं.

(घोंगडीचा यात संबंध नाही. ती मेंढीच्या ताज्या लोकरीची. नाव गोधडीच्या जवळचं म्हणून शहरातली मंडळी गफलत करतात, एवढंच.)

आधी गोधडी. कोल्हापूर-साताऱ्याकडे हिलाच वाकळ म्हणतात. उन्हाळ्यात शेतीची कामं थंडावली की जमिनीवर एक जुनं लुगडं अंथरायचं आणि सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे हाताशी असेल ते ठेवायचं. त्यावर विरलेल्या चादरी, धोतराचे तुकडे, सदऱ्यांच्या पाठी. कॉलर, कफ, खिसे आणि जाड शिवणी आधीच कापून टाकायच्या, कारण तिथे सुई अडते. एका थरात भोक असेल तर त्याच्यावर दुसऱ्या थरातलं धड कापड येईल असं लावायचं. सगळ्यात वर दुसरं लुगडं. मग कडेने धावदोरा, त्याच्या आत दुसरी ओळ, तिच्या आत तिसरी, अशा चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. त्या टाक्यांचं आता कौतुक होतं, पण त्यांचं खरं काम पोटातले तुकडे धुताना गोळा होऊ न देणं हे आहे.

विरलेल्या साडीचा पदर अंगावर ताण आला की टरकन फाटतो. गोधडीत ताण दोऱ्यावर आणि पाच-सहा थरांवर वाटला जातो, त्यामुळे एकेका कापडाचा अशक्तपणा चालून जातो. उलट शेकडो धुण्यांत त्याला आलेला मऊपणा नव्या कापडात पैसे टाकूनही मिळत नाही. बाळाचं दुपटं आजीच्या सुती साडीचंच का हवं, याचं कारण भावनेइतकंच कापडातही आहे. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. या सगळ्याला वीज नको, रसायन नको, यंत्रही नको. लागते ती उठबस, डोळे आणि वेळ. फाटलेली गोधडी पुढच्या गोधडीच्या पोटात जाते, तिथून पायपुसणं, नाहीतर गोठ्यात. सगळं सुती असेल तर शेवटी मातीत मिसळतं.

आता शॉडी. हा धंदा मूळचा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात लोकरीची टंचाई होती, तेव्हा १८१३ च्या सुमारास बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात ताजी लोकर मिसळून सूत काढायची रीत बसवली. आज त्या धंद्याचं मोठं केंद्र हरियाणातलं पानिपत आहे. मराठी कानाला या गावाच्या नावावर १७६१ शिवाय काही ऐकू येत नाही, पण तिथल्या माणसाला विचाराल तर तो आधी हातमाग, चादरी आणि ब्लँकेटं सांगेल.

युरोप-अमेरिकेतले टाकलेले कोट, स्वेटर गाठोडी बांधून इथे येतात. बरेचसे येतानाच चिरलेले असतात, कारण इथल्या बाजारात ते कपडे म्हणून विकले जाऊ नयेत असा नियम आहे. कारखान्यात पहिलं काम बायकांकडे. समोर उभं पातं रोवलेलं, आपल्या विळीसारखं. कोट त्यावरून ओढायचा आणि बटणं, चेन, अस्तर, लेबल एका बाजूला, लोकरीचं कापड दुसऱ्या बाजूला. मग रंगांचे ढीग लागतात. लालात लाल, निळ्यात निळा, काळ्यात काळा. ही वर्गवारी वरवर साधी वाटते, पण सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. ढीग नीट लागले तर सूत पुन्हा रंगवावं लागत नाही, आणि कापड-उद्योगात पाण्याची सगळ्यात जास्त नासाडी आणि घाण होते ती रंगाईत. म्हणजे पर्यावरणाच्या हिशोबात शॉडीची सगळ्यात मोठी बचत यंत्राने केलेली नाही, त्या बायकांच्या नजरेने केलेली आहे.

पुढे यंत्र. दातेरी रुळांमधून कापड ओढलं जातं, ओरबाडलं जातं आणि पलीकडून कापसासारखा पुंजका बाहेर येतो. तो पिंजायचा, सूत कातायचं, विणायचं, मग वरचे तंतू ओरखडून लव काढायची. भूकंप, पूर, थंडीची लाट आली की मदतीच्या ट्रकमधून जी करड्या, तपकिरी रंगांची स्वस्त ब्लँकेटं उतरतात, ती वर्षानुवर्षं याच गावातून गेली. अलीकडे मऊसूत पॉलिस्टरच्या ब्लँकेटांनी या धंद्याला चांगलाच दणका दिला आहे आणि बरेच कारखाने सुती चिंध्यांच्या सुताकडे वळले आहेत.

या वाटेची किंमत ओरबाडण्यातच आहे. तंतू तुटतो, आखूड होतो. आखूड तंतूचं सूत कमजोर, म्हणून त्यात नवी लोकर, ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर मिसळावं लागतं. लोकरीचं त्यातल्या त्यात बरं चालतं, कारण तिच्या तंतूला सूक्ष्म खवले असतात आणि आखूड तंतूही एकमेकांत गुंततात. कापसाला ते खवले नाहीत, त्यामुळे जुन्या टी-शर्टच्या सुतातून बहुधा जाड, भरड मालच निघतो: सतरंजी, पोछा, हातमोजे. शिवाय कारखान्यात तंतूंची धूळ उडते आणि ती कामगारांच्या छातीत जाते. ‘हिरवं उत्पादन’ म्हणून शॉडीची जाहिरात करणारे या धुळीबद्दल क्वचितच बोलतात.

मग गोधडी चांगली आणि शॉडी वाईट? तसं नाही, आणि गोधडीच्या प्रेमात पडलेल्यांनी इथे जरा थांबावं. एका गोधडीत चार-सहा साड्या आणि थोडे तुकडे जातात, आणि हाताने शिवायची तर कित्येक दिवस मोडतात. एका मोठ्या सोसायटीतल्या दिवाळीच्या आवराआवरीतून निघणारा ढीगसुद्धा गोधड्यांनी संपणार नाही, शहराचं तर सोडाच. टनांनी येणारा माल टनांनीच हाताळायला यंत्र लागतं. पण जे कापड अजून कापड म्हणून धड आहे ते यंत्रात घालणं ही उधळपट्टी आहे. एकदा तंतू तुटला की तो पुन्हा लांब होत नाही. म्हणून क्रम असा लावावा: आधी कपडा म्हणून वापर, मग कापड म्हणून, आणि ते दोन्ही संपल्यावर तंतू म्हणून. वस्तूंच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालात जगभरच्या कपड्यांतला १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत जातो असं म्हटलं होतं. जुने कपडे गोळा करणाऱ्या बॉक्समध्ये टाकला म्हणजे माझ्या जुन्या शर्टाचा नवा शर्ट होतो, ही समजूत त्या आकड्यापुढे टिकत नाही. ‘रिसायकल्ड पॉलिस्टर’ असं लिहिलेल्या टी-शर्टचंही तेच. त्यातलं बहुतेक पॉलिस्टर पाण्याच्या बाटल्यांपासून आलेलं असतं, कुणाच्या जुन्या कपड्यापासून नव्हे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. प्रदर्शनांत ‘पारंपरिक गोधडी’ म्हणून जे विकतात, त्यात कितीतरी वेळा नवंकोरं छापील कापड आणून त्याचे मुद्दाम चौकोनी तुकडे कापलेले असतात आणि पोटात पॉलिस्टरचं फायबर भरलेलं असतं. दिसायला छान, शिवणाऱ्या बाईला रोजगार मिळतो तेही चांगलं. पण जुनं काही त्यात नाही. ओळखायचं असेल तर कड चिमटीत धरा. खऱ्या गोधडीत कापडाचे थर बोटांना मोजता येतात आणि ती हाताला जड लागते. फायबरवाली फुगीर आणि हलकी असते. शॉडीला थरच नसतात, ते एकपदरी विणलेलं. उजेडात धरलं तर मुख्य रंगात दुसऱ्याच रंगाचे बारीक ठिपके दिसतात, कारण वर्गवारी कितीही चोख केली तरी एखादा हिरवा धागा लालात जातोच.

घरातल्या कपड्यांचं काय करायचं, हे आधी धाग्यावर ठरतं. शिवणीच्या आतल्या कडेला कापडाचाच एक धागा काढा (शिवणीचा दोरा नको, तो वेगळ्याच धाग्याचा असू शकतो), चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सुती. केस जळाल्याचा वास म्हणजे लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. सुती साड्या, चादरी, लेंगे, पंचे गोधडीचे. लोकरीचा स्वेटर हाताने विणलेला असेल तर उसवून त्याची लोकर पुन्हा वापरता येते; यंत्रावर विणून कापून शिवलेला असेल तर उसवताना तुकडे हातात येतात, तो शॉडीच्या वाटेला जाऊ दे. पॉलिस्टरच्या साड्यांच्या गोधड्या हल्ली सर्रास होतात. त्या लवकर वाळतात हे खरं, पण घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवरून घसरतात, आणि बाळासाठी तर नकोतच. त्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, पडदे केलेले बरे. लेगिंग आणि ताणल्या जाणाऱ्या जीन्सचं दुखणं वेगळं: त्यात इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा असतो, तो यंत्रात नीट तुटत नाही आणि गोधडीत टाक्याला धरून राहत नाही. असे कपडे झिजेपर्यंत वापरणं हाच त्यांचा सगळ्यात सोयीचा उपयोग.

चामड्याचा पट्टा ना शिवायच्या कामाचा, ना पिंजायच्या. मोच्याकडे दिला तर बॅगेचा बंद किंवा चपलेचा अंगठा होतो, बक्कल भंगारात. पण एका गोष्टीत अस्सल पुनर्चक्रीकरण आपल्या गल्लीत पूर्वीपासून चालत आलं आहे. जुनी जरीची साडी विकत घेणारे. जुन्या शालू-पैठणीची जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. साडी जाळली की रेशीम जातं, चांदी उरते. तंतूसारखी ती आखूड होत नाही, कितीदाही वितळवा. म्हणूनच तो फेरीवाला साडीचं पोत बघत नाही, काठ नखाने घासून बघतो. आजच्या बहुतेक साड्यांची जर तांब्याची किंवा चकचकीत प्लॅस्टिकच्या पट्टीची असते, तिला तो हातही लावत नाही. मात्र हातमागाची अंग धड असलेली जुनी पैठणी जाळायला देणं म्हणजे वर सांगितलेला क्रमच उलटा करणं. काठ काढून दुसऱ्या कापडाला लावता येतो, तेवढं आधी बघावं.

पानिपतला घरून थेट काही पाठवता येत नाही. आपला कपडा त्या दिशेने गेलाच तर बोहारणीच्या गाठोड्यातून, भंगारवाल्याकडून किंवा एखाद्या संस्थेमार्फत जातो. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली गूंज ही संस्था कपडे छाटून गावोगावी पोहोचवते आणि उरलेल्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅडही बनवते. बोहारीण तर स्टीलच्या डब्यावर घासाघीस करत असताना मनात वर्गवारी करूनच बसलेली असते: हा शर्ट इस्त्री करून विकायचा, ही चादर पुसायच्या फडक्यांसाठी गॅरेजला, हे चिंध्यांत.

देताना दोन गोष्टी पाळल्या तरी पुरे. कपडा धुऊन पूर्ण वाळलेला असावा, ओला दिला तर बुरशी धरून गाठोड्यातले शेजारचे चार कपडेही जातात. आणि बटणं. घरी गोधडी शिवायची असेल तर शर्टाची बटणं काढून डबीत टाका. पण बोहारणीला किंवा संस्थेला देणार असाल तर ती काढू नका. बटणांसकटचा शर्ट शर्ट म्हणून कुणीतरी घालेल, बटणांवाचूनचा थेट चिंध्यांच्या ढिगात जातो.