जुना शेगडा विकत घेण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

घरच्या कामाच्या टेबलासाठी नवा शेगडा, म्हणजेच वस्तू जबड्यात घट्ट पकडून ठेवणारा बेंच व्हाइस, घेण्याऐवजी पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी फेरी मारून तो स्वस्तात मिळवावा, असा विचार आमचे अनेक ग्राहक करतात आणि तो योग्यही आहे. कारण बीडावरचा, म्हणजे ओतीव लोखंडावरचा, गंज बहुधा वरवरचाच असतो आणि रॉकेल व तारेच्या ब्रशने तो निघतो.

गंजलेल्या शेगड्यापेक्षा नुकताच रंगवलेला शेगडा आम्हाला अधिक संशयास्पद वाटतो. एका ग्राहकाने आणलेल्या अशाच हिरव्याकंच शेगड्याचा रंग आम्ही पॉलिशपेपरने खरवडला, तेव्हा खालून लांबी (भेगा बुजवायची पुटी) निघाली आणि लांबीखाली बोटभर भेग. म्हणून दांडा फिरवत सरकता जबडा पूर्ण बाहेर काढावा (विक्रेता थोडी कुरकुर करतो, करू द्यावी) आणि दोन्ही भागांवर लहान हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. अखंड बीड खणखणते, भेगाळलेले बद्द वाजते. बीडाचे साधे वेल्डिंग शेजारीच पुन्हा तडकते. त्यामुळे भेग असलेला शेगडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, आणि आम्हीही तो दुरुस्तीला घेत नाही.

जबडा सरकवणाऱ्या स्क्रूच्या आट्यांची झीज ओळखण्यासाठी दांडा उलटसुलट फिरवून, जबडा हलण्यापूर्वी तो किती मोकळा फिरतो ते पाहावे. पाव फेऱ्यापर्यंत हरकत नाही. अर्ध्या फेऱ्याच्या पुढे गेल्यास नट, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो तो भाग, झिजला आहे असे समजावे. नवा नट लेथवर करून मिळतो, मात्र तो खर्च धरूनच भाव करावा. जबड्याच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात व बदलता येतात, त्यामुळे त्यांचे दाते गुळगुळीत झाले म्हणून चांगला शेगडा सोडू नये.

शेगड्याचे माप जबड्याच्या रुंदीवरून धरतात. घरकामाला १०० मिलिमीटर पुरेसे होते. १५० मिलिमीटरच्या शेगड्याला टेबलही तितकेच भक्कम लागते. बसवताना स्थिर जबडा टेबलाच्या कडेपेक्षा किंचित पुढे ठेवावा, म्हणजे लांब पाइप उभा धरता येतो.

शेगडा आमच्याकडे आणताना जाम झालेला स्क्रू दांड्याला पाइप लावून सोडवण्याचा प्रयत्न करू नये. तो रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून, आहे तसाच आणावा.