आठ मिलिमीटरच्या चौकटीत: ठोकळ्यांच्या आगगाड्या आणि विमानांची पार्श्वभूमी

28 जानेवारी 1958 रोजी डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या लेगो कंपनीने आपल्या ठोकळ्याच्या जोडणीचं पेटंट दाखल केलं. वर गोल उंचवटे म्हणजे स्टड, आत पोकळ नळ्या आणि दोन्हींमधल्या घर्षणाने टिकणारी पकड. त्या ठोकळ्याची मापं आजही तीच आहेत. दोन स्टडमधलं अंतर 8 मिमी, ठोकळ्याची उंची 9.6 मिमी, प्लेटची म्हणजे चपट्या ठोकळ्याची जाडी 3.2 मिमी. तयार संच बाजूला ठेवून स्वतःच्या आराखड्यावर आगगाडी किंवा विमान रचणाऱ्याचं सगळं गणित या तीन आकड्यांवर चालतं. पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की 16 मिमी होतात, म्हणजे बरोबर दोन स्टड. इतकं साधं नातं आहे, पण ते नसतं तर ठोकळे आडवे करून इंजिनाची गुळगुळीत बाजू किंवा विमानाचं गोल धड रचणं जवळजवळ अशक्य झालं असतं.

रूळ आले 1966 मध्ये. निळे रूळ, पांढरे स्लीपर आणि 4.5 व्होल्टची मोटर. तिचे तीन सेल गाडीबरोबरच फिरत. 1968 मध्ये शिट्टीच्या आवाजाने चालणारी-थांबणारी गाडीही कंपनीने काढली. त्या पहिल्या रुळांनी ठरवलेलं अंतर आजवर हललेलं नाही. एका रुळाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 5 स्टड म्हणजे 40 मिमी, आणि आतल्या कडांमध्ये सुमारे 37.5 मिमी. खऱ्या जगातला 1435 मिमीचा स्टँडर्ड गेज याच्याशी ताडून पाहिला तर प्रमाण 1:38 येतं. पण कंपनीच्या गाड्या मात्र बहुतेक 6 स्टड, म्हणजे 48 मिमी रुंदीच्या. तीन मीटर रुंदीचा डबा 48 मिमीत बसवला की प्रमाण 1:62 होतं. रूळ एका मापाचे आणि गाडी दुसऱ्याच मापाची, ही विसंगती जन्मापासूनची आहे. छंदातली निम्मी चर्चा तिच्याभोवतीच फिरते. बरेच जण 8 स्टडची रुंदी घेऊन 1:48 च्या जवळ राहतात, कारण तिथे रूळ आणि डबा यांतली तफावत डोळ्यांना सहन होते.

वीज हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धागा. 1969 मध्ये 12 व्होल्टची पद्धत आली. नेहमीच्या दोन रुळांच्या मधोमध वीज वाहणाऱ्या दोन वेगळ्या पट्ट्या टाकायच्या आणि मोटर तिथून वीज उचलायची. 1980 मध्ये तिचं रूप पालटलं. रूळ करडे झाले, सांधे (गाडीचा रूळ बदलणारे), सिग्नल आणि फाटक दुरून बटणाने चालू लागले. खऱ्या रेल्वेच्या इतकं जवळ जाणारी पद्धत कंपनीने नंतर कधी केली नाही, असं आमचं मत आहे. पण जोडण्यांचा पसारा मोठा होता आणि ही पद्धत मुख्यतः युरोपपुरतीच राहिली.

1991 मधल्या 9 व्होल्टने तो पसारा आवरला. रूळ आणि स्लीपर एकाच तुकड्यात, रुळाच्या माथ्यावर धातूचा पत्रा, आणि मोटर तिच्या धातूच्या चाकांतून वीज घेणारी. इंजिनाच्या पोटात काही ठेवायची गरज उरली नाही, म्हणून स्वतः डिझाइन करणाऱ्यांना हा काळ फार मानवला. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर पोकळ ठेवा किंवा भरीव करा, मोटर एका डब्याखाली लपवली की झालं. त्रास वेगळे होते. पत्र्यावर काळा थर साचला की गाडी अडखळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने रूळ पुसायचे, सँडपेपर लावायचा नाही, कारण ओरखड्यांत मळ आणखी लवकर बसतो. लांब मांडणीत प्रत्येक सांध्यावर थोडा विरोध वाढत जातो आणि टोकाला गाडी मंदावते, म्हणून एकाच रेग्युलेटरची वीज दोन-तीन ठिकाणी जोडावी लागते. आणि रूळ वळवून स्वतःलाच परत मिळवले तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. असा फास करायचा तर मधला एक टप्पा दोन्ही टोकांना वेगळा तोडून त्याची दिशा स्विचने बदलावी लागते.

2006 पासून कंपनी धातूच्या रुळांपासून दूर गेली आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत 9 व्होल्ट बंद झालं. रूळ पूर्ण प्लास्टिकचे झाले, सेल पुन्हा गाडीत आले. जुन्या छंदिस्तांना हे मनापासून लागलं. आधी इन्फ्रारेड रिमोटचा एक अल्पायुषी प्रकार झाला, मग इन्फ्रारेडवरच चालणारी पॉवर फंक्शन्स ही मोटर-रिसीव्हरची पद्धत. 2009 चं एमराल्ड नाइट हे हिरवं वाफेचं इंजिन याच पद्धतीसाठी जागा ठेवून आलं आणि त्याच्याबरोबर मोठी चाकंही आली. बॅटरीचा डबा 4 स्टड रुंद, 8 स्टड लांब आणि जवळजवळ 4 ठोकळे उंच. सहा स्टडच्या इंजिनात तो ठेवला की दोन्ही बाजूंना एकेक स्टडची भिंत उरते, त्यापलीकडे काहीच नाही. रिसीव्हरचा काळा डोळा छतातून बाहेर ठेवावाच लागतो. बोगद्यात किंवा कडक उन्हात सिग्नल हरवतो. शिवाय चॅनेल चारच, त्यामुळे प्रदर्शनात पाचवी गाडी आली की कोणाच्या तरी रिमोटने दुसऱ्याची गाडी हलू शकते.

2018 पासून ब्लूटूथवर चालणारं पॉवर्ड अप आहे. छतात भोक ठेवायची गरज संपली, पण प्लगवर प्लग चढवून एका तोंडातून दोन मोटर चालवायची सोय गेली. हबला, म्हणजे सेल आणि ब्लूटूथ असलेल्या डब्याला, दोनच तोंडं आहेत. दोन्ही टोकांना मोटर असलेल्या इंजिनात मोटर समोरासमोर बसतात, म्हणून एकीची दिशा प्रोग्रॅममधून उलटी करावी लागते. ते विसरलं तर दोन्ही मोटर एकमेकींना ढकलत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. हबला ट्रिपल-ए आकाराचे सहा सेल लागतात. साध्या अल्कलाइन सेलचे 9 व्होल्ट मिळतात, तर रिचार्ज होणाऱ्या निकेल सेलचे 7.2. वेग थोडा कमी मिळतो, पण तो शेवटपर्यंत बराच स्थिर राहतो, म्हणून रोज गाडी चालवणाऱ्याला रिचार्ज होणारेच सेल परवडतात.

तयार मोटर बोगी (बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा) न वापरता इंजिनातच मोटर बसवायची तर वेगाचं गणित आधी करावं. पॉवर फंक्शन्सची एल मोटर 9 व्होल्टवर, ओझं नसताना, मिनिटाला सुमारे 390 फेरे घेते. 18 मिमी व्यासाच्या चाकाला ती थेट जोडली तर गाडी मिनिटाला 22 मीटर जाते. 1:45 च्या प्रमाणात हा वेग ताशी 59 किमी भरतो, आणि डबे लावल्यावर त्याहूनही कमी. 20 दाती गिअरने 12 दाती गिअर फिरवला तर कागदावर 98 किमी मिळतात, पण ओढ त्याच पटीत घटते. चार डब्यांपलीकडे हा बदल करू नये. चाकं जागच्या जागी फिरू लागली तर दोष बहुधा मोटरचा नसून वजनाचा असतो. बॅटरी ओढणाऱ्या चाकांच्या बरोबर वर आणली की पकड येते.

कंपनीने जे दिलं नाही ते छंदिस्तांनी स्वतः घडवलं, आणि ही या क्षेत्राची सर्वांत अभिमानाची बाजू आहे. मोठी चाकं कंपनीच्या आधी अमेरिकेतल्या बिग बेन ब्रिक्सने विकली, तीही (चाक रुळावर धरून ठेवणारी) कड असलेली आणि कड नसलेली अशी दोन्ही. तीन जोड चाकांच्या इंजिनात मधली जोडी बिनकडेची घ्यावी लागते, नाहीतर वळणावर तिची कड रुळावर चढते. डाव्या-उजव्या चाकांचे दांडे 90 अंशांनी पुढे-मागे ठेवायचं काम मात्र इथे फुकटात होतं, कारण टेक्निक या लेगोच्या यांत्रिक भागांच्या मालिकेतल्या आसाचा छेदच अधिक चिन्हासारखा असतो.

वळणं हा दुसरा जुना सल. कंपनीचं वळण एकाच त्रिज्येचं, 40 स्टड म्हणजे 320 मिमी, आणि 16 तुकड्यांत पूर्ण वर्तुळ. लहान गाडीला ते चालतं. पण आपल्याकडचा एलएचबी डबा, म्हणजे भारतीय रेल्वेचा आधुनिक प्रवासी डबा, घ्या. लांबी 23.54 मीटर, रुंदी 3.24 मीटर, दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर 14.9 मीटर. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिमीचा, तो 37.5 मिमीशी जुळवला की प्रमाण 1:45 येतं. म्हणजे आपल्या गाड्यांना हे रूळ 8 स्टडच्या परदेशी गाड्यांपेक्षाही जास्त प्रामाणिक बसतात. या प्रमाणात डबा 523 मिमी लांब (65 स्टड), 72 मिमी रुंद (9 स्टड) आणि बोगींमध्ये 331 मिमी. आता तो 320 मिमी त्रिज्येच्या वळणावर नेला तर डब्याचा मध्य रुळांच्या मध्यरेषेपासून 46 मिमी आत जातो. डब्याची निम्मी रुंदीच 36 मिमी आहे, तेव्हा मधला भाग अख्खा मध्यरेषेच्या आतल्या बाजूला जातो, बराचसा रुळांबाहेर लोंबतो आणि शेजारच्या खांबाला, फलाटाला घासतो. कपलिंग डब्याच्या शरीराला लावलेलं असेल तर टोकं बाहेरच्या बाजूला फेकली जाऊन शेजारचा डबा रुळावरून उतरतो. म्हणून चुंबकाचं कपलिंग बोगीलाच लावायचं, ओढ रुळाच्या दिशेने राहते.

खरा उपाय रुंद वळणाचा. ब्रिकट्रॅक्स, ट्रिक्सब्रिक्स, एफएक्स ब्रिक्स यांसारख्या स्वतंत्र उत्पादकांनी 56, 72, 88, 104 स्टड अशा त्रिज्यांचे रूळ बाजारात आणले. 104 स्टडवर तोच डबा मध्यरेषेपासून 17 मिमीच आत जातो. एफएक्स ब्रिक्सने तर धातूचे रूळ पुन्हा बनवून 9 व्होल्टला दुसरा जन्म दिला. ज्यांच्या घरात एवढी जागा नाही ते डबा 45-50 स्टडपर्यंत आखूड करतात आणि एक-दोन खिडक्या गाळतात. दरवाजे आणि टोकं मापात ठेवली तर ही काटछाट सहसा कळत नाही. 9 स्टडच्या रुंदीत एक अडचण असते. डब्याची मध्यरेषा स्टडवर येते आणि बोगीची दोन स्टडच्या मधे. अर्धा स्टड सरकवणाऱ्या जंपर प्लेट दोन्ही बोगींच्या वर घातल्या की ती सुटते.

हे सगळं कागदावर आखणं 1995 पर्यंत चौकटीच्या वहीतच होत असे. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी एलड्रॉ ही संगणकप्रणाली लिहिली. त्यांचं 1997 मध्ये निधन झालं, पण त्यांनी ठरवलेलं एकक टिकलं: एक स्टड म्हणजे 20 भाग, ठोकळा 24, प्लेट 8. सुटे भाग विकत घेण्याची सोय 2000 मध्ये सुरू झालेल्या ब्रिकलिंकने केली. 2019 मध्ये लेगोने ब्रिकलिंकच विकत घेतलं, आणि आज बहुतेक जण त्याच्याच स्टुडिओ या प्रणालीत आराखडा करून भागांची यादी काढतात. यादी काढण्याआधी प्रत्येक भाग निवडलेल्या रंगात खरंच निघाला आहे का हे तपासावं. संगणक कुठलाही रंग दाखवतो, बाजारात तो नसतो. आराखड्यात वजनाने काही वाकतही नाही, त्यामुळे पडद्यावर ताठ दिसणारा पंख टेबलावर वाकतो.

विमानांचा इतिहास रुळांसारखा सरळ नाही, कारण त्यांच्यासाठी अशी वेगळी पद्धत कधी नव्हतीच. पंखांच्या तिरक्या प्लेट 1970 च्या दशकाच्या अखेरीस अवकाशयानांच्या संचांबरोबर रुळल्या आणि विमान रचणाऱ्यांनी त्या उचलल्या. 2000 नंतर गोलाईचे उतार आणि आडव्या जोडणीचे ब्रॅकेट वाढले, तेव्हा धड खऱ्या अर्थाने गोल होऊ लागलं. मधे चौकोनी गाभा, त्याच्या चारही बाजूंना स्टड बाहेर काढलेले, आणि त्यांवर चार कवचं, ही रीत आता सर्वमान्य आहे.

कंपनी खऱ्या, आधुनिक लष्करी वाहनांचे संच न काढण्याचं धोरण सांभाळते. पहिल्या महायुद्धातलं सोपविथ कॅमल 2001 आणि 2012 मध्ये आलं, पण 2020 मध्ये व्ही-22 ऑस्प्रे या अमेरिकी लष्करी विमानाचा टेक्निक संच जर्मनीतल्या शांततावादी संघटनेच्या विरोधानंतर विक्रीच्या तोंडावर मागे घेतला गेला. प्रवासी विमानांत 2006 चं ड्रीमलाइनर आणि 2023 चं कॉन्कॉर्ड अशी मोजकीच नावं. त्यामुळे लढाऊ विमानांचं क्षेत्र पोलंडच्या कोबीसारख्या कंपन्यांकडे आणि स्वतः डिझाइन करणाऱ्यांकडे राहिलं.

नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेलं मिग-21 हे रचायला उत्तम विमान आहे, आणि कठीणही. छंदात लोकप्रिय असलेल्या 1:36 प्रमाणात त्याचे 7.15 मीटरचे पंख 199 मिमी होतात, म्हणजे 25 स्टड. पंखाची पुढची कड 57 अंश मागे झुकलेली, म्हणजे धडाच्या रेषेशी 33 अंश. असा कोन देणारी एकही तिरकी प्लेट मिळत नाही. 1:4 उताराची प्लेट 14 अंश देते, 1:3 ची 18.4 अंश. पंखाचा तुकडा बिजागरीवर 14 अंश फिरवायचा, धडाशी पडलेली फट 1:4 च्या प्लेटने बुजवायची आणि पुढच्या कडेला 1:3 ची प्लेट लावायची. बेरीज 32.4, म्हणजे अर्ध्या अंशाचाच फरक. मागची कड सरळ राहावी म्हणून तिकडे पुन्हा 1:4 ची प्लेट येते. या प्लेट डाव्या-उजव्या अशा वेगळ्या असतात, तेव्हा मागवताना दोन्ही समान संख्येने घ्याव्यात. पंख दोन थरांत, वरच्या थराचे सांधे खालच्यावर न येऊ देता बांधला तर जाडी 6.4 मिमी राहते. खऱ्या मापात ती 23 सेमी भरते. तिसरा थर दिला तर मजबुती येते पण मिगचा धारदार पातळपणा जातो, म्हणून तो फक्त मुळाशी द्यावा आणि धडातून आरपार टेक्निकचा आस घालावा.

शेपटीत ठोकळे भरले की विमान मागे बसतं. मुख्य चाकं दोन स्टड मागे घेऊन ते उभं राहील, पण मिगची ठेवण बिघडेल. त्यापेक्षा नाकाच्या शंकूमागे क्रेनच्या संचांतला वजनाचा ठोकळा ठेवावा, तो सुमारे 53 ग्रॅमचा असतो. त्याला 2 गुणिले 6 स्टडची, दोन ठोकळे उंचीची जागा लागते. त्यामुळे कॉकपिट रचण्याआधीच ती गाभ्यात राखून ठेवावी लागते.