फाटका आवाज आणि ३४ व्होल्ट

मे महिन्यात पारोळ्याकडच्या एका लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी भाचा धुळ्याहून गाडी घेऊन दारात आला. उतरताच म्हणाला, "मामा, वूफरना आवाज फाटी ऱ्हायना." वूफर, म्हणजे डिकीतला जाड आवाजाचा मोठा स्पीकर, फाटका वाजत होता. डिकी उघडली आणि वास आला. विहिरीवरची मोटर जळते तेव्हा येतो, तोच. यात नवल नाही, कारण दोन्हीकडे तांब्याच्या तारेवरचं इनॅमलच करपलेलं असतं. दोन्ही हातांची बोटं वूफरच्या पडद्यावर पसरली आणि सारखा दाब देत तो हळूच आत ढकलला. आत काहीतरी खर्र करून घासलं. पडद्यामागची तांब्याच्या तारेची कॉइल वेडीवाकडी झाली होती. वूफर गेला.

स्टिरिओचा सिग्नल मोठा करून वूफरला देणारा ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, मात्र धडधाकट होता. त्यावरचा गेनचा स्क्रू अगदी शेवटपर्यंत पिळलेला होता. बसवणाऱ्याने भाच्याला सांगितलं होतं, गेन फुल तर पॉवर फुल. हा समज सगळीकडे पसरलेला आहे आणि दरवर्षी कितीतरी वूफर त्यापायी जळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओमधून ॲम्पकडे येणारा सिग्नल कुठे अर्ध्या व्होल्टचा असतो, कुठे दोनचा, कुठे चारचा. आलेला सिग्नल किती व्होल्टचा झाला की ॲम्पने पूर्ण ताकद लावायची, एवढंच गेन ठरवतो. स्क्रू शेवटाला, म्हणजे ०.२ व्होल्टवर नेला आणि स्टिरिओ दोन व्होल्ट देत असला, तर व्हॉल्यूम थोडा वाढवताच ॲम्पची ताकद संपते. त्यापुढे तो जास्त देऊ शकत नाही, कारण त्याच्या आतल्या पुरवठ्याच्या व्होल्टेजला मर्यादा आहे.

मग होतं काय? कापसाने शीग भरलेली गाडी ठेंगण्या कमानीखालून नेली तर वरचा कापूस खरडला जातो आणि माथा सपाट होतो. आवाजाच्या गोलाकार लाटेचं तसंच होतं, शेंडे छाटले जातात. १८२२ साली फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये याने, तेही उष्णता कशी वाहते याचा अभ्यास करताना, असं मांडलं की ठरावीक काळाने तीच तीच येणारी कोणतीही लाट साध्या गोल लाटांच्या बेरजेने बनते. ५० हर्ट्झच्या ढोलाच्या लाटेचे शेंडे दोन्ही बाजूंनी सारखे छाटले की तिच्यात १५०, २५०, ३५० हर्ट्झचे सूर मिसळतात. मूळ गाण्यात ते नव्हतेच. आपण "आवाज फाटतोय" म्हणतो, ते या उपऱ्या सुरांमुळे.

कान तक्रार करतात, पण जळते ती कॉइल. स्पीकरला दिलेल्या शंभर वॉटपैकी जेमतेम एक-दोन वॉटचा आवाज होतो, बाकी सगळी उष्णता. त्यात गोल लाट छाटून पार चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीत ती दुप्पट शक्ती वाहून नेते. ३०० वॉटच्या कॉइलला ६०० वॉटचा शेक. आमच्याकडे बाहेरच ४५ अंश असतात, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून वीसेक अंश जास्त सहज चढतात. आधीच तापलेल्या भांड्याखाली जाळ मोठा करण्यातला प्रकार.

जळका वूफर सोडवलेलाच होता, म्हणून ॲम्प मोजायला घेतला. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट केला, बेस बूस्ट बंद केला आणि मोबाइलमधला ५० हर्ट्झचा एकसुरी टोन पेनड्राइव्हवर घेऊन लावला. व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशावर ठेवला. मल्टिमीटर एसी व्होल्टवर घेऊन ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावला. आकडा आला ४६. वर्ग करून वूफरच्या ४ ओहम रोधाने भागा : ५२९ वॉट! वूफर जोडलेला असता तर आकडा थोडा खाली बसला असता, पण ॲम्पवर लिहिलेली ताकद ३०० आणि वूफरचीही तेवढीच.

व्होल्ट हवे होते किती? ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ साधारण ३४.६. गेन पूर्ण खाली आणला आणि बारीक पेचकसने किंचित किंचित वर चढवत मीटरवर ३४ व्होल्ट येताच थांबवला. स्क्रू अर्ध्यावरही पोचला नव्हता. ही वरची हद्द समजायची. पुढे कानाला गोड लागेल तसा गेन खाली आणायला हरकत नाही, वर मात्र नाही. दारातल्या स्पीकरांसाठी रीत हीच, टोन १००० हर्ट्झचा घ्यायचा.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. ३०० वॉटसाठी असा ॲम्प बॅटरीतून २५-३० अँपिअर ओढतो, म्हणून वायर जाड आणि अस्सल तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहतं. फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत पाहिजे, यात तडजोड नको, कारण पुढे वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग तिथेच अडते. ॲम्पची अर्थिंगची वायर मात्र रंग खरवडून गाडीच्या उघड्या पत्र्यावरच जोडायची.

संध्याकाळी नवा वूफर बसवला. वूफरला ८० हर्ट्झखालचं आणि दारातल्या स्पीकरांना त्यावरचं वाटून दिलं. आवाज आता स्वच्छ होता, तरी ढोल मागे डिकीतच वाजल्यासारखा आणि पोकळ. त्याचंही कारण मोजता येतं. त्या उष्म्यात आवाज सेकंदाला सुमारे ३५५ मीटर जातो, म्हणजे ८० हर्ट्झची लाट साडेचार मीटरच्या जवळपास लांब. तिचा अर्धा भाग सव्वादोन मीटर. डिकीतला वूफर आणि दारातला स्पीकर यांच्या ड्रायव्हरपर्यंतच्या अंतरात साधारण तेवढाच फरक पडला की एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो आणि दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. त्यासाठीच ॲम्पवर फेजचं, म्हणजे वूफरची लाट उलटी करायचं, बटण असतं.

भाच्याला स्टिअरिंगवर बसवलं, काचा लावायला सांगितल्या आणि डिकीतून बटण शून्यावरून १८० अंशांवर सरकवलं. क्षणभराने आतून आवाज आला, "मामा, आते ढोल पुढे उना!"