पंखाच्या टोकावरचा ठिपका

सोलापुरात पेरूचा हंगाम सुरू झाला की ‘फळमाशी’ हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या कीटकांना दिले जाते. पाटीतल्या फुटलेल्या फळावर घोंघावणारे, जेमतेम ३ मिलिमीटरचे, लाल डोळ्यांचे चिलट म्हणजे ड्रॉसोफिला. ते बहुधा आधीच आंबू लागलेल्या फळाकडे येते. बागायतदाराचे खरे नुकसान करते ती ६ ते ८ मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या वळणाची बॅक्ट्रोसेरा, कारण तिची मादी टोकदार अंडनळीने चांगल्या फळाची साल भेदून आत अंडी घालते. हा फरक साध्या मोबाइलच्या छायाचित्रातही कळतो. बॅक्ट्रोसेराची नेमकी जात ओळखण्याचे पुढचे काम मात्र नेटाने करावे लागते.

परसातल्या पेरूला टांगलेल्या मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याच्या सापळ्यातल्या माश्या मी पांढऱ्या कागदावर पसरल्या, तेव्हा त्या सगळ्या एकाच जातीच्या वाटल्या. या गंधाकडे जवळजवळ फक्त नरच येतात, त्यामुळे अंडनळी कुठेच दिसली नाही. वक्षाच्या दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे आणि उदरावर इंग्रजी ‘टी’सारखी काळी खूण हे सर्वांत समान होते. भिंगातून पंख पाहिल्यावर मात्र त्यांचे दोन गट पडले. काहींच्या पंखाच्या पुढच्या कडेने तपकिरी पट्टी टोकापर्यंत सलग गेली होती आणि पाठ काळी होती. ही बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसची लक्षणे. उरलेल्यांची पट्टी मध्येच तुटून टोकाशी फक्त एक ठिपका राहिला होता. असा ठिपका झोनाटा आणि करेक्टा या दोन्ही जातींत असतो, म्हणून निर्णय चेहऱ्यावर येतो: झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे काळे ठिपके असतात, तर करेक्टाच्या चेहऱ्यावर ते आडवे पसरून जवळजवळ एक रेघ होते. पाठीचा रंगही मदतीला येतो, कारण झोनाटाची पाठ तांबूस असते आणि करेक्टाची बहुतांशी काळी. तरीही मी एकट्या रंगावर भिस्त ठेवत नाही, कारण मेलेल्या माशीचे पिवळे पट्टे काही दिवसांत काळवंडतात.

म्हणूनच केवळ पाठीचा, कितीही सुबक असला तरी, एकच फोटो पुरेसा नसतो. पाठ, पसरलेला पंख आणि समोरून चेहरा अशी तीन छायाचित्रे, सोबत मिलिमीटरच्या खुणांची पट्टी आणि माशी कोणत्या फळावर वा गंधावर मिळाली याची नोंद, एवढे हवेच. दुधी-दोडक्यावरची माशी पाठीच्या मधोमध असलेल्या तिसऱ्या पिवळ्या पट्ट्यामुळे लगेच वेगळी काढता येते, पण डॉर्सॅलिसच्या जवळच्या नात्यातल्या जाती इतक्या सहज हाती लागत नाहीत. आफ्रिकेत सापडलेल्या माशीला २००५ मध्ये ‘इन्व्हेडेन्स’ ही नवी जात म्हणून नाव दिले गेले होते. शरीररचना, जनुके आणि परस्पर संकर यांचा एकत्र विचार करून २०१५ मध्ये ती डॉर्सॅलिसच असल्याचे शास्त्रज्ञांनी मांडले. अशा ठिकाणी छायाचित्राखाली जातीऐवजी ‘डॉर्सॅलिस गट’ असे लिहिणेच मला योग्य वाटते.