कार्ड न विचारणारी शिधापेढी : पार्श्वभूमी

नाशिकच्या सिडकोत, अंबडच्या अंगाला एका सभागृहामागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी शिधापेढी उघडते. चार लोखंडी मांडण्या, दोन पत्र्याच्या कोठ्या आणि एक वजनकाटा. पिशवी घरून आणायची, लागेल ते मांडणीवरून उचलायचं आणि काट्यावर ठेवायचं. वहीत घरातल्या माणसांचा आकडा आणि मालाचं वजन लिहितात. नावाचा रकाना नाही, रेशनकार्डाचाही नाही. कार्डाचा रकाना 2020 च्या उन्हाळ्यात होता. तो का काढला, यावरून तेव्हा बरंच वाजलं, आणि पेढीची खरी गोष्ट तीच आहे.

नाशिकला अन्नदान नवं नाही. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, पंगती उठत आल्या आहेत आणि सिंहस्थात तपोवनातली अन्नछत्रं गावच्या गाव जेवू घालतात. 1972 च्या दुष्काळात मदत म्हणून वाटलेली सुकडी आणि बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी सांगणारी माणसं अजून भेटतात. पण पंगतीचं अन्न शिजलेलं, वाढणाऱ्याच्या वेळेनं खायचं. शिधा म्हणजे कोरडा जिन्नस : पीठ, तांदूळ, डाळ, तेल, मीठ. तो घेणाऱ्याच्या चुलीवर, त्याच्या चवीनं शिजतो. दारी आलेल्याला शिधा देण्यात त्याचा मान राखलेला असायचा. रेशनकार्डाचं सरकारी नावही शिधापत्रिकाच. घोळ मात्र त्या पत्रिकेच्या रंगात आहे.

1 मे 1999 पासून राज्यात तीन रंगांची कार्डं आली. वर्षाचं उत्पन्न 15 हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्यापुढे 1 लाखापर्यंत केशरी आणि त्यावर पांढरं. 15 हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात ज्याची हजेरी लागत होती, तो त्याच्या वरच गेला. त्यामुळे कामगार वस्त्या केशरी झाल्या. पुढे 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि फेब्रुवारी 2014 पासून राज्यात लागू झाला. महाराष्ट्राच्या शहरी भागातल्या 45.34 टक्के लोकांनाच त्यात जागा होती. अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांची, आणि पिवळी कार्डं आत गेली. केशरीपैकी शहरात ज्यांचं वार्षिक उत्पन्न 59 हजारांच्या आत, त्यांना प्राधान्य कुटुंब म्हणून घेतलं. त्यांना माणशी 5 किलो धान्य, तेव्हा गहू 2 रुपयांनी आणि तांदूळ 3 रुपयांनी. उरलेले केशरी नुसते केशरी राहिले.

म्हणजे एकाच गल्लीत, एकाच रंगाच्या दोन कार्डांपैकी एकावर धान्य येतं आणि दुसऱ्यावर येत नाही. फरक प्राधान्य कुटुंबाच्या शिक्क्याचा. पात्र लोकांचा आकडा 2011 च्या जनगणनेवर बांधलेला, त्यामुळे यादी भरली की कुणी गळाल्याशिवाय नव्याला जागा नाही. दुकानदार सांगतो, ‘तुमचं ऑनलाइन दिसत नाही.’ त्याचाही इलाज नसतो. पण 2014 साली कमावता असलेला माणूस 2019 ला अर्धांगवायूनं खाटेवर पडला, तरी त्याच्या घरचं कार्ड तसंच. हा अन्याय आहे आणि तो कागदाच्या सोयीसाठी चालू राहिला, असं मला वाटतं.

25 मार्च 2020 ला सगळं बंद झालं. मुंबई-आग्रा महामार्गावरून कसाऱ्याचा घाट चढून पायी निघालेली माणसं नाशिककरांनी पाहिली. 1 मे रोजी नाशिकरोडहून श्रमिकांची गाडी भोपाळकडे सुटली. वस्तीतल्या काही जणांनी किराणा किट वाटायला घेतली आणि देणगीदारांच्या आग्रहानं वहीत कार्डाचा रंग लिहायला सुरुवात केली. हेतू वाईट नव्हता. किट मोजकी होती. पण वाटणाऱ्यांनी केशरी दिसलं की ‘तुम्हाला रेशन मिळतं’ म्हणून परत पाठवायला सुरुवात केली. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एका बाईंनी कार्ड उघडून कोऱ्या जागेवर बोट ठेवलं : ‘शिक्का कुठंय ते तुम्हीच दाखवा.’ मी तेव्हा वही धरून बसलो होतो. मे-जूनसाठी सरकारनं अशा केशरी कार्डांनाही महिन्याला माणशी 3 किलो गहू 8 रुपयांनी आणि 2 किलो तांदूळ 12 रुपयांनी दिला खरा, पण हाताला काम नसताना चार माणसांचे 192 रुपये कुठून काढायचे? बिहारमधून आलेल्या भाडेकरूंचं कार्ड तर गावी, आईबापांकडे.

दोन बैठका झाल्या. रकाना काढला तर लोक दोनदा नेतील, असं म्हणणारे खोटं बोलत नव्हते. तसे नेणारे सापडलेही. तरीही रकाना गेला आणि काही देणगीदारही गेले. किटही बंद झालं. एकाला साखर नको असते, दुसऱ्याला मुलांसाठी दूध पावडर हवी असते. म्हणून मांडणी आली.

जानेवारी 2023 पासून यादीतल्यांना धान्य फुकट झालं आणि पेढीच्या कोठ्यांचा रंगच पालटला. गहू-तांदूळ पडून राहू लागले. संपतं ते तेल, तूरडाळ, चहा पावडर आणि कपड्यांचा साबण. रेशनचा गहू घरात असतो, पण दळणाचे पैसे नसतात. म्हणून आता तयार पीठही ठेवतात. दिवाळी 2022 ला 100 रुपयांत रवा, साखर, डाळ आणि तेल देणारा आनंदाचा शिधा आला, तेव्हाही नाशिकच्या बिनशिक्क्याच्या केशरीला त्यात जागा नव्हती. पुढे ई-केवायसी, म्हणजे मशीनवर अंगठा लावून ओळख पटवणं, सक्तीची झाली. धुणीभांडी आणि वीटकाम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, मशीनवर अंगठा लागेना. महिन्याच्या 20 तारखेनंतर रांग लांबते, त्यात हे चेहरे आले.

गेल्या दिवाळीआधी एका देणगीदारानं तेलाचे डबे देऊ केले. अट एकच, नेणाऱ्याचा पिशवीसकट फोटो. पेढीनं डबे घेतले नाहीत. त्या आठवड्यात आसपासच्या सोसायट्यांतून दुधाच्या धुतलेल्या बाटल्यांमध्ये अर्धा-अर्धा लिटर तेल येत राहिलं. शनिवारी सातपर्यंत मांडणीवरची शेवटची बाटलीही गेली होती.